बोटातली रहदारी

न्येरे तुओला आयुष्यात पुष्कळ जणांनी अवघड म्हटलं होतं. आईने म्हटलं होतं, शाळेतल्या गणिताच्या मास्तरांनी म्हटलं होतं, लग्नाचं बोलणं करायला आलेल्या दोन घराण्यांनी तर एकमुखाने म्हटलं होतं. पण तिच्या बोटाला अवघड म्हणणारा माणूस तिला पहिल्यांदाच भेटला.

तो एका परदेशी कंपनीचा माणूस होता. यामुसुक्रोच्या ज्या तंत्रसंस्थेत न्येरे प्रकाशशास्त्र शिकवायची, तिथे तो आपलं नवं यंत्र दाखवायला आला होता. सुई न टोचता रक्त बघायचं यंत्र. नखाच्या मुळाशी, कातडी जिथे नखावर चढते तिथे, रक्ताच्या केसाहून बारीक नळ्या अगदी वरवर असतात. त्यावर तेलाचा थेंब सोडायचा, वरून उजेड पाडायचा आणि भिंगातून बघायचं. त्याने स्वतःचं गुलाबी बोट ठेवलं आणि पडद्यावर लालभडक नळ्या उमटल्या, केसांच्या आकड्यांसारख्या वळलेल्या, एकीशेजारी एक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग न्येरेने बोट ठेवलं. पडद्यावर नुसतं तपकिरी धुकं आलं. त्याने एक चावी फिरवली, दुसरी फिरवली, बोट पुसून पुन्हा तेल लावलं. धुकं जरा जास्त तपकिरी झालं.

"तुमचं बोट थोडं अवघड आहे, मॅडम," तो अगदी नम्रपणे म्हणाला.

त्यानंतर त्या खोलीतल्या प्रत्येकाने बोट ठेवून पाहिलं आणि प्रत्येकाचंच अवघड निघालं. पाहुणा ओशाळला, यंत्राची पुढची आवृत्ती येईल म्हणाला आणि जेवायलाही थांबला नाही.

जेवताना टोक्पाने तिला सोडलं नाही. टोक्पा विजेची आणि इलेक्ट्रॉनिक्सची कामं बघायचा. तो माँ शहराकडच्या डोंगरातला याकुबा, ती कोरोगोकडची सेनुफो, आणि या दोन जमातींचं थट्टेचं नातं आहे. सेनुफोने याकुबाला आपला गुलाम म्हणायचं, याकुबाने सेनुफोला आपला गुलाम म्हणायचं, आणि दोघांपैकी कुणालाही राग यायची परवानगी नाही. टोक्पाच्या मते यंत्राची काही चूक नव्हती. सेनुफोंचं रक्त जेवणानंतर झोपतं, उताणं पडून घोरतं, ते पडद्यावर कसं दिसणार? न्येरे म्हणाली, की तुझ्या बोटात तरी कुठे काय दिसलं, याकुबांच्या नसांमध्ये भाताची पेजच वाहते. पण हे बोलताना ती हसत नव्हती. ती स्वतःच्या बोटाकडे बघत होती.

"आपण आपलं यंत्र करू," ती म्हणाली.

"कशाने?"

"तू माझा गुलाम आहेस ना, मग तू शोध कशाने."

त्यानंतर महिनोन्‌महिने दोघांनी जे केलं त्याला संशोधन म्हणायचं की बोटांचा छळ, हे ठरवणं कठीण आहे. अडचण साधी होती. उजेड वरून टाकला की काळ्या कातडीतला रंग जातानाच त्यातला बराचसा खाऊन टाकतो, आणि रक्तापर्यंत पोचून परतणाऱ्या उरल्यासुरल्या उजेडाला वाटेत पुन्हा गाठून खातो. हाती येते ती कातडीवरची चमक. उजेड वाढवला तर बोट भाजायचं. बाजूने टाकला तर निम्मं चित्र सावलीत जायचं. टोक्पाच्या बायकोने एकदा त्याची पोळलेली बोटं पाहून विचारलं, की तुझ्या त्या सेनुफो मालकिणीने तुला स्वयंपाकाला लावलंय का.

आणि मग एका दुपारी वीज गेली. खिडक्यांवर काळा कागद होता, त्यामुळे प्रयोगशाळेत मिट्ट काळोख झाला. काही करायला नाही म्हटल्यावर टोक्पाने शाळेतली पोरं करतात तो चाळा सुरू केला. मोबाइलचा दिवा लावला, तो मुठीत गच्च धरला आणि हनुवटीखाली मूठ नेऊन भुतासारखा चेहरा केला. मूठ कंदिलासारखी लाल पेटली. बोटांच्या फटींतून, बोटांमधूनही, उजेड झिरपत होता.

न्येरे घाबरल्यासारखी एकदम उठली. स्टूल पडलं.

"मूठ सोडू नकोस," ती म्हणाली.

टोक्पाला वाटलं त्याच्या चेहऱ्याची कमाल आहे, म्हणून त्याने दातही विचकले. ती त्याचा चेहरा बघतच नव्हती. तिने त्याचं मनगट धरलं, मूठ इकडून तिकडून फिरवून पाहिली, आणि आपली पालथी बोटं उताणी करून दिव्याखाली धरली. तळहात फिकट, बोटांची पेरं आतल्या बाजूने फिकट. इथल्या प्रत्येक माणसाची असतात. पुढचं दार बंद आहे म्हणून आपण इतके दिवस ते ठोठावत बसलो, आणि मागचं दार सताड उघडं होतं. उजेड पेराकडून, खालून आत सोडायचा. तो मांसातून भटकत भटकत वर येईल, नळ्यांच्या पाठीमागून निघेल, आणि रंगाचा थर त्याला एकदाच ओलांडावा लागेल. जणू पडद्यामागे दिवा लावावा आणि पडद्यावरची नक्षी आपोआप दिसावी.

हे तिने टोक्पाला समजावलं तेव्हा ती इतकी भरभर बोलत होती, की तिची फ्रेंच संपून मध्येच सेनुफो सुरू झाली. टोक्पाला सेनुफो येत नव्हती, तरी सगळं कळलं.

उरला रंगाचा प्रश्न. लाल उजेड मांसातून सहज जातो, पण रक्तही त्याला अडवत नाही, त्यामुळे काही उमटत नाही. हिरवा उजेड रक्त इतकं पितं, की वर काही येतच नाही. मधला, नारिंगी-पिवळा हवा होता, आणि तोही चांगला झणझणीत. टोक्पा बाजारात मोटरसायकली दुरुस्त करणाऱ्याकडे गेला आणि वळताना लुकलुकणाऱ्या दिव्यातला बल्ब मागू लागला. दुकानदाराने विचारलं, कुठल्या मॉडेलसाठी. टोक्पा म्हणाला, डाव्या हाताच्या अनामिकेसाठी. दुकानदाराने फळीवर नजर फिरवली आणि तसलं चिनी मॉडेल आपल्याकडे अजून आलेलं नाही म्हणून सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी न्येरेने आपली अनामिका त्या दिव्यावर टेकवली. नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडला. टोक्पाने भिंग खाली आणलं, अजून खाली, जरासं वर. पडद्यावर पिवळट झळाळी होती. मग त्या झळाळीत एक गडद वळण उमटलं. शेजारी दुसरं. आणि त्या वळणांमध्ये काहीतरी हलत होतं.

दाणे होते. बारीक, गडद दाणे, एकामागून एक, घाईघाईने एका बाजूने वर चढत होते, वळणावर किंचित रेंगाळत होते आणि दुसऱ्या बाजूने घसरत खाली जात होते. तांबड्या पेशी. तिच्या. ती श्वास घ्यायची विसरली तेव्हा ते जरा हळू झाले, आणि तिने श्वास घेतल्यावर पुन्हा धावू लागले. छत्तीस वर्षं हे सगळं तिच्या बोटात चाललं होतं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

न्येरेला हसू फुटलं. बारीकसं फुटलं, मग मोठं झालं, मग आवरेना. हसल्यामुळे बोट हलायचं, चित्र पळायचं, टोक्पा ओरडायचा की हात स्थिर ठेव, आणि त्याने तिला अजून हसू यायचं. शेवटी टोक्पाने तिचा हात टेबलाशी दाबून धरला. तेवढ्यात दाण्यांच्या रांगेत एक मोकळी जागा आली. गोल, उजळ, रिकामी. ती हळूहळू सरकत होती आणि तिच्या मागे दाण्यांची ही गर्दी साठली होती, चढावर कोकोच्या ट्रकमागे मोटारी साठतात तशी.

तिचं हसणं थांबलं, त्याचं ओरडणंही थांबलं. ती फट म्हणजे पांढरी पेशी होती. तिला रंग नसतो, उजेड तिच्यातून आरपार जातो, म्हणून ती भोकासारखी दिसते. प्रत्येक फट पांढरी पेशी नसते, नुसतं पाणीही असू शकतं, पण मागे अशी गर्दी करून चालणारी सुस्त, फुगीर फट दुसऱ्या कशाचीच नसते.

"सेनुफो आहे," टोक्पा हळूच म्हणाला. "बघ ना, स्वतः चालत नाही आणि दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही."

संध्याकाळपर्यंत अर्ध्या संस्थेने येऊन आपापलं रक्त पाहिलं. फाटकाशी तळलेली मासळी आणि आत्येके, म्हणजे कसाव्याचा वाफवलेला रवा, विकणारी तांती रोक्या, सगळ्यांची रोक्या मावशी, दुकान उघडं टाकून आली, पडद्याकडे टक लावून बसली आणि म्हणाली, की एवढी ये-जा माझ्या दुकानावर असती तर मी बंगला बांधला असता. जो तो आपलंच रक्त जास्त वेगाने पळतं म्हणून भांडत होता. टोक्पाने पैजा लावायला सुरुवात केली तेव्हा न्येरेने यंत्र बंद केलं.

अबिजानच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टर असूमू कर्करोग झालेल्या मुलांवर उपचार करत. न्येरेने त्यांना फोन केला. त्या कमी बोलत. चित्र छान आहे एवढ्यावर आपलं काही भागत नाही, त्या म्हणाल्या. औषधाने मुलांच्या पांढऱ्या पेशी मरतात, त्या पुन्हा येईपर्यंत मुलांना घरी सोडता येत नाही, आणि आल्या की नाही हे कळायला रोज टोचावं लागतं. शेवटी शेवटी टोचायला शीरसुद्धा सापडत नाही. तुमच्या यंत्राला पेशी आल्यात की नाहीत हे सांगता येत असेल तर या, नाहीतर मला काम आहे.

दोघं दुसऱ्याच दिवशी बसने निघाली. यंत्र न्येरेच्या मांडीवर होतं, तिच्या कमरेला नेसायच्या सुती पान्येमध्ये गुंडाळलेलं, डोकं तेवढं बाहेर. शेजारच्या बाईने दोनदा विचारलं, बाळ किती महिन्यांचं आहे.

वाटेत तपासणी नाक्यावर एक पोलीस वर चढला आणि नेमका तिच्यापाशी थांबला. तारा, भिंग, लुकलुकता दिवा. हे काय आहे? न्येरेने सांगितलं. त्याला ते खोटं वाटलं, आणि खरं सांगायचं तर ऐकणाऱ्या कुणालाही वाटलं असतं. त्याने यंत्र खाली उतरवायला सांगितलं. मग टोक्पाने पुढे होऊन विचारलं, की साहेब, तुमचं गाव कुठलं. साहेब निघाला फेर्केकडचा, अस्सल सेनुफो. टोक्पाचा चेहरा उजळला.

"म्हणजे तू माझा गुलाम," तो त्या बंदूकधारी माणसाला म्हणाला. "मालकाला रस्त्यात उभं करतोस? बोट दे इकडे, बघू तुझ्यात रक्त तरी आहे का."

आजूबाजूचे प्रवासी आसनांखाली वाकले. मग पोलीस हसला, पोट धरून हसला, आणि म्हणाला की याकुबाला बंदूक दिसत नाही कारण भात खाऊन त्याचे डोळे मिटलेत. त्याने बोट दिलं. न्येरेने ते तिथेच आसनाच्या हातावर टेकवलं, लॅपटॉप उघडला. त्या राकट बोटातलं रक्त इतकं भरभर पळत होतं, की मागच्या रांगेतले लोक उभे राहून बघू लागले. पोलीस पडद्याला नाक टेकेल इतका वाकला. मग त्याने टोपी काढली आणि खिडकीतून खाली उभ्या असलेल्या आपल्या जोडीदाराला हाक मारली. जोडीदारानंतर चालक आला, चालकानंतर शेजारची बाई, मग तिकीट फाडणारा. नाक्यावर मागे गाड्यांची रांग लागली आणि कुणी हॉर्न वाजवला, की पोलीस खिडकीतून हात दाखवून सांगायचा, थांबा, इथे सरकारी काम चाललंय.

इस्पितळात पोचायला उशीर झाला. डॉक्टर असूमू दारात उभ्या होत्या. उंच, चष्म्याची दोरी गळ्यात. त्यांनी उशीर का झाला ते विचारलं, पोलिसाच्या बोटाची गोष्ट ऐकून घेतली, आणि चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. त्यांनी परीक्षेची तयारी आधीच करून ठेवली होती. वॉर्डच्या मधोमध पडदा ताणला होता. पडद्यामागे मुलं बसतील, फटीतून एक एक बोट बाहेर येईल. कुणाचं बोट, ते या दोघांना कळणार नाही. त्यांनी फक्त सांगायचं, पांढऱ्या पेशी आहेत की नाहीत.

मुलांना हा खेळ भलताच आवडला. पडद्यामागून खुसखुस सुरू झाली. पहिलं बोट गार पडलं होतं, वॉर्डातल्या थंड हवेने नळ्याच आक्रसल्या होत्या, म्हणून सगळ्यांच्या हातात बाजरीच्या गरम पेजेचे वाडगे देण्यात आले. मग बोटं येऊ लागली. एक बोट आलं ते चांगलं लांब होतं आणि फटींची त्यात नुसती रीघ लागली होती. टोक्पाने जाहीर केलं, की या बाळाची तब्येत सगळ्यात उत्तम आहे, याला आजच घरी पाठवा. पडद्यामागे हलकल्लोळ झाला. पोरांनी नर्सचं बोट पुढे केलं होतं.

मग एक बारीक बोट आलं. दाणे धावत होते, पण फट नव्हती. दोघं बघत राहिली. एका नळीवरून दुसरीवर गेली, तिसरीवर गेली. एकही नाही. टोक्पाने थट्टा केली नाही. न्येरेने डॉक्टरांकडे पाहून मान हलवली आणि डॉक्टरांनी हातातल्या कागदाकडे पाहून तशीच मान हलवली. ते बोट त्या मुलाचं होतं ज्याच्याजवळ जाताना सगळे तोंडाला मुखपट्टी बांधत. त्याने आत पडद्यामागून विचारलं, "माझ्यात काय आहे?" न्येरे म्हणाली, "तुझ्या गाड्या सगळ्यात जोरात पळतात." आणि ते खरंच होतं.

शेवटचं बोट आलं त्याच्या नखावर हिरव्या रंगाचे कपचे होते. न्येरेने बघायला सुरुवात केली. बराच वेळ काही नाही. मग एक फट. आणि थोड्या वेळाने अजून एक, मागे गर्दी घेऊन, अगदी ऐटीत.

"आहेत," न्येरे म्हणाली.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "नाहीत," त्या म्हणाल्या. "काल सकाळी नव्हत्या."

"काल नसतील. आत्ता तिसरी जाते आहे. तुम्ही या इकडे."

डॉक्टर असूमू वाकल्या. चष्मा वर केला, पुन्हा खाली घेतला. तिसरी फट वळणावर पोचली, तिथे जराशी अडकली, आणि मागच्या दाण्यांनी ढकलल्यासारखी सुटून खाली गेली. डॉक्टरांच्या घशातून एक चमत्कारिक आवाज निघाला. नर्सने दचकून पाहिलं. डॉक्टरबाई हसत होत्या.

तरी त्यांनी नुसत्या तीन फटींवर विश्वास ठेवला नाही, आणि ते बरोबरच होतं. पडदा बाजूला झाला. हिरव्या नखांची मुलगी अमेनान होती, आठेक वर्षांची, डोक्यावर केस नाहीत, जिभेला हाड नाही. तिचं रक्त काढून तळमजल्यावर पाठवलं. उत्तर यायला दुपार झाली. तोवर अमेनानने न्येरेकडून सगळ्या बोटांत बघून घेतलं आणि मग पोटात बघायचा हट्ट धरला.

"पोट नाही दिसत," न्येरेने सांगितलं.

"तांती, तुझं यंत्र छोटं आहे म्हणून. मोठं कर."

कागद आला. डॉक्टरांनी तो उभ्या उभ्या वाचला, मग बसून वाचला. पेशी परत आल्या होत्या, फार नाही, पण चढतीला लागल्या होत्या. एका सकाळवरून काही सिद्ध होत नाही, त्या म्हणाल्या. पुष्कळ मुलं बघावी लागतील, पुष्कळ दिवस, बरोबरीने सुईही लावावी लागेल, तेव्हा कुठे सुई सोडायचा विचार. त्या हे सगळं गंभीरपणे सांगत होत्या आणि बोलता बोलता आपलं स्वतःचं बोट दिव्यावर ठेवून तेलाची बाटली शोधत होत्या. यंत्र इथेच राहील ना, असं त्यांनी जाताजाता विचारल्यासारखं विचारलं. टोक्पा म्हणाला राहील, आम्ही दुसरं करू, मोटरसायकलवाला ओळखीचा आहे.

दोन दिवसांनी अमेनान घरी गेली. त्या संध्याकाळी दोघं अबिजानच्या मार्कोरी भागातल्या एका मकीमध्ये, उघड्यावरच्या खाणावळीत, बसली, भाजलेली कोंबडी आणि तळलेली केळी मागवली. टोक्पा खुर्च्यांमधल्या चिंचोळ्या जागेत एकटाच नाचायला लागला. आजूबाजूच्या टेबलांवरचे लोक कारण न विचारता त्याच्याबरोबर उठले. न्येरेने आईला फोन लावला. कोरोगोकडे रेडिओ चालू होता, आईला नीट ऐकू येत नव्हतं.

"आई, मी रक्तातल्या फटी मोजल्या."

"फटी? तुझ्या रक्तात?" आईचा आवाज चढला. "डॉक्टरकडे जा आधी."

"डॉक्टरकडेच होते. त्यांच्यातही आहेत. सगळ्यांच्यात असतात, असायलाच पाहिजेत."

पलीकडे आईने रेडिओ बंद केला. मग अगदी सांभाळून विचारलं, की तू प्यायली आहेस का. न्येरेने समोर ठेवलेल्या आल्याच्या सरबताकडे पाहिलं आणि नाही म्हणायला तोंड उघडलं, पण त्याऐवजी हसूच बाहेर पडलं. ती हसत राहिली. फोनवर आईने काय झालं, काय झालं म्हणून दोनदा विचारलं. मग लेकीचं ते हसणं ऐकत ऐकत, काही न कळता, तीही हसू लागली.